पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी भरवशाचा माणूस हवा, आणि दर वेळी फॉरमॅटच का?

दूरस्थ

नमस्कार मंडळी.

आई-बाबा सहकारनगरला असतात, मी बंगळुरात. बाबांचा डेस्कटॉप २०१४ चा आहे, विंडोज १०. महिनाभरापासून उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सारखे लाल चौकोन उगवतात. तुमचा संगणक धोक्यात आहे, पाच व्हायरस सापडले, ताबडतोब इथे दाबा, असं सगळं इंग्रजीतून. बाबा घाबरतात आणि थेट भिंतीवरचं बटण बंद करून मोकळे होतात.

जवळच्या दुकानातला मुलगा येऊन बघून गेला. "काका, फुल इन्फेक्टेड आहे, फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. त्याचे १२००, अँटीव्हायरस वेगळा, आणि "डेटा ठेवायचा असेल तर" ५०० जास्त. ठेवायचा असेल तर म्हणजे काय? बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. इतक्या वर्षांची इतिवृत्तं, मेंटेनन्सचे हिशेब, कन्व्हेयन्सचे कागद, सगळं त्यात आहे.

तर सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी भागात घरी येऊन नीट बघणारं कुणी माहितीत आहे का? साधारण किती घेतात? आणि फॉरमॅटला खरंच पर्याय नाही का? मी बँकेत आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणजे मला यातलं कळतच असणार, हा बाबांचा समज काही केल्या जात नाही.

गुंडाभाऊ७१

आधी त्या चौकोनाचा फोटो टाका. तो डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा) आहे, ब्राउझरचा आहे की तिसऱ्याच कुणाचा, यावर पुढचं सगळं अवलंबून. भिंतीवरचं बटण मात्र बंद करायला लावा. म्हणजे बटण बंद करणं बंद करायला लावा. असो, समजलं असेल.

पेठकर

सदाशिव पेठेत टिळक रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत हार्डवेअरवाले आहेत. सुटे भाग हवे असतील तर बुधवारातली तपकीर गल्ली. पण काय बिघडलंय हे ठरवून जा. "बघा हो काय झालंय" म्हणून गेलात की समोरचा त्याच्या कपाटात जे पडून आहे ते विकणार.

पेंग्विन_पाटील

लिनक्स टाका.

चिंचवडचा_गणू

आलात, विंडोजऐवजी लिनक्स घेऊन? तिसऱ्या प्रतिसादापर्यंत वाट बघायला लावलीत राव.

सोल्डरगन

मी चिप-लेव्हलचं काम करतो, धायरीला छोटं वर्कशॉप आहे. ही जाहिरात नाही, हातातलीच कामं उरकत नाहीयेत.

दुकानदार लगेच फॉरमॅटवर का येतो ते सांगतो. तो लबाडच असतो असं नाही. व्हायरस शोधून काढायचा तर मशिन तीन-चार तास टेबल अडवून बसतं. एवढं करून आठवड्याने पुन्हा काही उगवलं की गिऱ्हाईक भांडायला हजर. फॉरमॅट मारून विंडोज टाकायला तास-दीड तास, त्यातलं लक्ष द्यायचं काम जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं, आणि निकाल हमखास. शोधण्याच्या वेळेचे पैसे कुणी देत नाही हो. "केलंत काय, नुसते बसून तर होतात" हे मी रोज ऐकतो. ज्याचे पैसे मिळतात तेच काम लोक करतात.

दुसरं म्हणजे, "स्लो झालाय, व्हायरस असेल" म्हणून जी मशिनं येतात त्यातल्या बऱ्याच मशिनांत व्हायरस नसतोच. जुनी फिरती हार्ड डिस्क मरायला टेकलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, आणि चालू असलेलं काहीच नाही, असं दिसलं की पहिला संशय डिस्कवर घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची अवस्था दाखवतं. तिथे पिवळा 'कॉशन' आला असेल तर फॉरमॅट राहू द्या, फुल स्कॅनसुद्धा लावू नका. मरणाऱ्या डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं तर ती स्कॅनच्या मध्येच जाते, आणि मग लोक म्हणतात व्हायरसने डिस्क खाल्ली. आधी डेटा बाहेर काढा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशिन चालूच करू नका, ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, आणि ते महाग आहे.

तिसरं, खास दूरस्थच्या बाबांसाठी. रोज भिंतीवरून बंद केलं की मशिनचं घड्याळ पूर्णपणे बोर्डवरच्या सेलवर चालतं. सीआर२०३२, तीन व्होल्टचा चपटा सेल. इतक्या वर्षांत तो संपलेलाच असणार. सेल गेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो. यावरही लोकांना अँटीव्हायरस विकलेला मी पाहिला आहे. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

चिंचवडचा_गणू

सोल्डरगनदादा, दंडवत. वाचनखूण साठवली.

मंदाकाकू_कोथरूड

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा यायचा. चांगला होता, पण मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकूनच बसायची. "हे काय दाबलंस? आता काय चाललंय?" चहा-पोहे देऊन विचारत राहायचं. ज्याला सांगता येतं त्याला येत असतं, आणि जो "काकू, तुम्हाला नाही कळायचं" म्हणतो त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं, असा माझा अनुभव. फॉरमॅटचं म्हणाल तर डाळीत खडा लागला म्हणून कुणी कुकर टाकून देत नाही.

सावनी_र

मंदाकाकूंना अनुमोदन. पण प्रत्येकीला असं शेजारी बसता येत नाही, आणि बहुतेक दुकानं "ठेवून जा, उद्या या" म्हणतात. त्यामुळे एक वेगळा मुद्दा मांडते.

लॅपटॉप देताना तुम्ही फोटो, बँकेचे सेव्ह केलेले पासवर्ड, मेल आणि लॅपटॉपवर चालू असलेलं व्हॉट्सॲपसुद्धा देत असता. बिघाड स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी किंवा चार्जिंगचा असेल तर आत डिस्क असायची गरजच नाही. माझ्या लॅपटॉपची एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) एका स्क्रूवर आहे. मी काउंटरवर काढून मागते आणि पर्समध्ये ठेवते. दुकानदाराने वाकडं तोंड केलं की दुसरं दुकान. बिघाडच विंडोजचा असेल तर आधी ब्राउझरमधून बाहेर पडा, आणि आपल्या पिनऐवजी एक वेगळं खातं करून त्याचा पासवर्ड द्या. त्या खात्याला ॲडमिनचे हक्क दिले तर आपलं सगळं दिसू शकतं हे मात्र लक्षात असू द्या.

आणखी एक. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते. मदरबोर्ड बदलला की चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुकानात द्यायच्या आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. हे कुणी सांगत नाही.

भाऊसाहेब_हडपसर

ताई, पंचवीस हजाराचा लॅपटॉप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचे फोटो बघायला इथे वेळ कुणाला आहे? सगळ्याच दुकानदारांकडे संशयाने बघू नका. आम्हीपण पोटासाठीच बसलोय.

सावनी_र

तुमच्याकडे वेळ नसेल, चांगलंच आहे. ज्याच्याकडे असतो तो आधी सांगत नाही ना.

पेठकर

अवांतर सुरू करतो, धागाकर्त्याने माफ करावं.

पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो तो 'ब्रेन', १९८६ चा. लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला. गंमत म्हणजे त्या व्हायरसच्या आत त्यांनी आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घालून ठेवला होता, लस हवी असेल तर संपर्क साधा म्हणून!

आणि आपल्याकडे पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणारी मशिनं व्हायरसने भरलेली असायची. धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायची टूल्स लिहिली, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. म्हणजे दोन्हीकडे दोन भाऊ आणि दुरुस्तीचा धंदा, फक्त तिकडे व्हायरस झाला आणि इकडे अँटीव्हायरस.

तेव्हा व्हायरसच्याही तारखा असायच्या. मायकेलअँजेलो ६ मार्चला, सीआयएच २६ एप्रिलला. त्या दिवशी मशिन लावायचंच नाही, किंवा आदल्या रात्री तारीख पुढे ढकलून ठेवायची, म्हणजे घात टळला.

सोल्डरगन

१९९९ चा सीआयएच वाईट होता. डिस्कची सुरुवात पुसायचाच, काही बोर्डांवर बायोसही (मशिन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) पुसायचा. मग मशिन चालूच होणार नाही, फॉरमॅट कुठून मारणार? बायोसची चिप काढून प्रोग्रामरवर पुन्हा लिहावी लागे. आमच्या उस्तादांनी त्या हंगामात नुसत्या चिपा लिहून दिवाळी केली.

इरसाल

म्हणजे घातवाराला कॉम्प्युटर न लावणारे आमचे आजोबा काळाच्या पुढे होते. हसून हसून पुरेवाट.

विदागार

अवांतर छान आहे, पण मूळ प्रश्नात एक मोठी गोष्ट राहिली. १२०० रुपयांत फॉरमॅट करून देणारा विंडोज कुठून आणतो?

बहुतेक वेळा त्याच्या पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालवायची चोरवाट, असतो. तो चालावा म्हणून तो पठ्ठ्या आधी डिफेंडर बंद करतो, किंवा सी ड्राइव्हच डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत टाकतो. म्हणजे तिथे काहीही आलं तरी डिफेंडर तोंड उघडणार नाही. त्यावर एक वर्षाचा अँटीव्हायरस विकतो. व्हायरस काढायला आलेला माणूस मागचं दार उघडं ठेवून जातो आणि पुढच्या दाराला कुलूप विकतो.

तंत्रज्ञ घरातून बाहेर पडला की एवढं बघा: विंडोज सिक्युरिटीत व्हायरस आणि धोका संरक्षण, तिथल्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली अपवाद. घरगुती मशिनवर ही यादी रिकामी असायला हवी. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपची लायसन्स की तर बोर्डातच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याच आवृत्तीचं विंडोज उतरवून टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. क्रॅकचं कामच नाही.

भाऊसाहेब_हडपसर

असेंबल्ड मशिनवाला गिऱ्हाईक लायसन्सचे पैसे सांगितले की उठून शेजारच्या दुकानात जातो. तो शेजारी क्रॅकच टाकून देतो. मी तत्त्वाला चिकटून काय माश्या मारू? आधी गिऱ्हाइकाला शिकवा.

विदागार

रास्त आहे. पण निदान त्याला सांगून टाका, आणि अपवाद काढून ठेवा. क्रॅकबरोबर नुसते चौकोन येत नाहीत, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही येतं. माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात नातवाने फुकटचं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर टाकलं. सकाळी पत्रिकांच्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली, प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. जवळच्या दुकानाने लगेच फॉरमॅट मारला. नवीन विंडोज झकास, फाइली गेल्या.

असं झालं तर नेट तोडा आणि लॉक झालेल्या फाइलींची प्रत काढून ठेवा, निरुपयोगी वाटल्या तरी. 'नो मोअर रॅन्सम' ही साइट युरोपोल, डच पोलीस आणि अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केली. तिथे फाइल दाखवली की कोणतं रॅन्समवेअर ते कळतं, आणि काही प्रकारांची कुलपं उघडायची टूल्स फुकट मिळतात. सगळी उघडत नाहीत. पण आज न उघडणारी पुढे उघडू शकते, फाइल जपलेली असेल तर. शिवाय सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून. तिथेही बॉट (मशिन परक्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढायची टूल्स फुकट आहेत.

चिंचवडचा_गणू

आपल्यासारख्या फाटक्या माणसाच्या मागे कोण लागतंय पण?

पेठकर

गणू, २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरवून ९४ कोटी काढले, त्यातले बहुतेक वेगवेगळ्या देशांतल्या एटीएममधून. तिथे माणसं तज्ज्ञ होती. तुझ्यामागे कुणी लागत नाही, ते जाळं टाकतात. तू आपला पोहत येतोस.

टंकनिका

फॉरमॅट करायच्या आधी माझं ऐका. दूरस्थ, बाबांची इतिवृत्तं कुठल्या फॉन्टात आहेत?

मी नारायण पेठेत डीटीपी करते. सेक्रेटरी पिढीच्या हाताला श्रीलिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं बसलेली असतात. (दोन्ही पुण्यातच तयार झालेली, एक मॉड्युलर इन्फोटेकचं, दुसरं सी-डॅकचं.) युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीचे हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. मशिनवर तो फॉन्ट आहे तोवर "ठराव एकमताने मंजूर" दिसतं. फॉरमॅट झाला, फॉन्ट गेला की त्याच फाइलीत रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं दिसतात. दुकानदार म्हणतो, "काका, फाइल करप्ट झाली, व्हायरस होता ना." फाइलला काहीही झालेलं नसतं! तो फॉन्ट परत टाकला की सगळं जागेवर.

म्हणून सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण उचलून ठेवा. डेटा घेताना 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' सगळे घेतात, हा कुणीच घेत नाही. श्रीलिपी असेल तर तिची सीडी आणि मशिनला मागे लावलेलं लॉकही जपा. एका मुलाने ते बिघडलेला पेनड्राइव्ह समजून काढून टाकलेलं मी पाहिलंय. इतिवृत्तं नंतर सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर आहेत. पण बदलल्यावर वाचून तपासा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, आणि "कर्ज" चं काहीतरी भलतंच होतं.

इरसाल

आमच्या सोसायटीची इतिवृत्तं युनिकोडमध्ये आहेत, तरी कुणाला कळत नाहीत. हलकेच घ्या.

पेंग्विन_पाटील

सगळे हसलात, आता ऐका. 'लिनक्स टाका' म्हणजे विंडोज पुसा असं नाही. पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स करून मशिन त्यावरून चालू करा. आतलं विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे त्यातला व्हायरसही नाही. मग डॉक्युमेंट्स, फॉन्ट्स, टॅलीचा डेटा फोल्डर, जे हवं ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी. 'डेटा ठेवायचे ५००' वाचले.

आणि पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील, तर फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात. लिनक्सवर त्या सरळ दिसतात. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणलात की आधी हे बघा.

टंकनिका

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल सहमत. आमच्याकडेही गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येतात, त्यांच्यासाठी वेगळं मशिन ठेवलंय, त्यावर नेट नाही.

मंदाकाकू_कोथरूड

माझ्या नणंदेचं सांगते. स्क्रीनभर निळी पाटी आली, मोठा भोंगा वाजायला लागला, आणि खाली फोन नंबर. तिने लावला! पलीकडचा गोड बोलला, काहीतरी उतरवायला लावलं, मग स्क्रीनवर बाण आपोआप फिरायला लागला. नशिबाने भाचा घरात आला आणि त्याने वायरच उपटली.

विदागार

भाच्याला शाबासकी द्या. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती फसवणूक, पुढे वाचायचीही गरज नाही. भोंगा वाजत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना 'पानं परत आणू का' ला नाही म्हणा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कराल तितकी ते पुढच्या खात्यात अडकवण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही होते.

हल्ली नवा प्रकार आहे. "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" म्हणून विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगतात, मग पेस्ट, मग एंटर. तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांचा आदेश चालवता. कुठलीही खरी साइट असं सांगत नाही.

दूरस्थ

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. फोटो चढवला आहे. त्यात चौकोनाच्या तळाशी बारीक अक्षरात कुठल्यातरी साइटचं नाव आहे आणि शेजारी क्रोमचं चिन्ह. डिस्क आईच्या मदतीने तपासली, स्टेटस निळं, 'गुड' आहे. फॉन्ट श्रीलिपीच आहे! टंकनिकाताई, तुम्हाला एक साष्टांग.

गुंडाभाऊ७१

झालं तर मग. हा व्हायरस नाही.

बाबा कुठल्यातरी साइटवर फुकट क्रिकेट बघायला गेले असणार. तिथे "मी रोबो नाही, यासाठी अलाउ दाबा" आलं, त्यांनी दाबलं. ती त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी होती. तेव्हापासून ती जाहिराती पाठवते आहे आणि क्रोम इमानदारीने कोपऱ्यात दाखवतो आहे. बाबांनी आतला दुवा दाबला नसेल तर मशिनमध्ये काहीही शिरलेलं नाही.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जा. गोपनीयता आणि सुरक्षा, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या काढा. वर 'साइटना सूचना पाठवू देऊ नका' हेही निवडून टाका, बाबांचं काही अडणार नाही. एक्स्टेंशन्सची यादीही बघून घ्या. शेवटी मनाच्या समाधानासाठी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. मशिन बंद होऊन चालू होतं आणि साधारण पंधरा मिनिटांत संपतं. तेवढ्या वेळात भिंतीवरचं बटण कुणी दाबणार नाही याची जबाबदारी आईंकडे द्या.

सोल्डरगन

गुंडाभाऊंशी सहमत. त्या मुलाला हे माहीत नसेल का? असेल. पण दोन मिनिटांच्या या कामाचे तो काय मागणार? ५० रुपये? तुम्ही घरी बोलावलंत तर यायचे आणि निदान करायचे म्हणून ३००-५०० द्यायची तयारी ठेवा, दुरुस्ती झाली न झाली तरी. आणि फोनवरच विचारा, "आधी काय झालंय ते सांगाल का, मग काय करायचं ते मी ठरवतो." जो याला हो म्हणेल तो तुमचा माणूस.

दूरस्थ

झालं! फोनवर एकेक बटण सांगत करून घेतलं. यादीत चौदा साइटी निघाल्या. त्यातली एक क्रिकेटची होती, बाकीच्यांबद्दल बाबांनी मौन पाळलं आहे. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही निघालं नाही. फॉन्ट्सचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. सेल मात्र बदलायचा आहे, तारीख खरंच चुकत होती.

आता बाबा विचारतायत की तो दुकानातला मुलगा परवा येणार आहे, त्याला काय सांगू?

इरसाल

त्याला पोहे द्या आणि शेजारी मंदाकाकूंना बसवा.

सावनी_र

त्याच्याकडून सेल बदलून घ्या, त्याचे पैसे द्या. येऊन बघून गेला होताच. ओळख तुटायला नको, उद्या एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा) उडाला तर तोच जवळ आहे.

विदागार

एक राहिलंच. मशिन विंडोज १० आहे. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट पैसे न देता मिळतात, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. २०१४ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. कुणी "करून देतो" म्हणालं तर तो तपासणीला बगल देऊन करतो आहे, हे माहीत असू द्या.

पेंग्विन_पाटील

मी काही बोलत नाही.

टंकनिका

नकाच बोलू. श्रीलिपीचं लॉक तिकडे चालवून दाखवा, मग बोलू.

भाऊसाहेब_हडपसर

आहे त्या मशिनला २५६ जीबीची एसएसडी टाका, डिस्क जशीच्या तशी क्लोन करून घ्या. फॉन्ट, श्रीलिपी, सगळं जसंच्या तसं राहतं आणि मशिन पळतं. जुनी डिस्क कपाटात ठेवा, तोच तुमचा बॅकअप. इतिवृत्तं आणि हिशेबासाठी नवीन मशिन कशाला? बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नका. हे मी स्वतःचं नुकसान करून सांगतोय, नवीन मशिन विकलं असतं तर मला जास्त सुटले असते.

सावनी_र

भाऊसाहेब, हडपसरमध्ये दुकान नक्की कुठे आहे तुमचं? माझ्या बहिणीचा लॅपटॉप आहे.

भाऊसाहेब_हडपसर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. एसएसडी काउंटरवर काढून देईन, काळजी नको.

दूरस्थ

क्लोनची कल्पना आवडली, दिवाळीत येईन तेव्हा करून घेतो. बाकीच्यांनीही दक्षिण पुण्यातले नंबर व्यनितच पाठवा, धाग्यावर नको.

मंदाकाकू_कोथरूड

सगळे जमलाच आहात तर विचारते. प्रिंटर चालू आहे, दिवा हिरवा आहे, शाई कालच भरली, आणि कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर ऑफलाइन आहे. काय करू?

सोल्डरगन

काकू, त्यासाठी नवीन धागा काढा. प्रिंटरच्या भानगडीत मीही पडत नाही.